न येणाऱ्या रुग्णापर्यंत : ऑनलाइन गटचर्चा, आरोग्य-संशोधन आणि अभयदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रावेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांचा कालखंड संस्थेच्या जीवनात लहान नसतो. या काळात आपल्या ट्रस्टने धर्माराधनेसोबत रुग्णसेवेचाही वसा जपला, हे या व्यासपीठावरून आज अनेकांनी सांगितले. आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे सांगितली आहेत. पहिली तीन आपण सहज ओळखतो. शिधा देतो, औषधे देतो, विद्यार्थ्यांना पुस्तके देतो. चौथे दान मात्र बहुधा जीवदयेपुरते, पांजरपोळापुरते मर्यादित राहते. आजारी माणसाच्या मनातील भय दूर करणे हेही अभयदानच आहे आणि ते दिल्यावाचून पुष्कळदा औषधदान त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आजचा माझा विषय हाच आहे.

आपण शिबिर भरवतो. नेत्रतपासणी होते, रक्तदाब मोजला जातो, मधुमेहाची तपासणी होते. सायंकाळी आपण आलेल्या रुग्णांची संख्या मोजतो आणि समाधानाने घरी जातो. परंतु जो आला नाही, त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. आरोग्य-संशोधनातही नेमके हेच घडते. जे दवाखान्यात येतात त्यांच्यावरच अभ्यास होतो, त्यांच्याच अनुभवावर योजना आखल्या जातात आणि जे येत नाहीत ते योजनेच्याही बाहेर राहतात.

न येणाऱ्या रुग्णांचे ढोबळमानाने तीन वर्ग करता येतील. पहिला अंतरामुळे दूर राहिलेला. आपल्याच तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत पालच्या परिसरात तडवी आणि पावरा बांधवांचे पाडे आहेत. तेथील माणसाला तालुक्याच्या गावी येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे असते. दुसरा वर्ग वेळेमुळे दूर राहिलेला. केळीच्या बागेत पहाटे कापणीला जाणारा मजूर दवाखान्याच्या वेळेत मोकळा नसतो. तिसरा वर्ग आपल्या अगदी शेजारी राहतो, कदाचित आपल्या घरातही असतो. तो लज्जेमुळे दूर राहिलेला असतो. मानसिक आजार, अपस्मार, अंगावरचे कोड, क्षयरोग, एचआयव्ही, वंध्यत्व, व्यसन! या शब्दांपैकी एखादा शब्द घरात शिरला की घराची दारे आतून बंद होतात.

हा तिसरा वर्ग किती मोठा आहे? २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. निरनिराळ्या मानसिक विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के रुग्णांना आवश्यक उपचार मिळत नाहीत, असे त्यात आढळले. उपचारांच्या या दरीला डॉक्टरांचा तुटवडा हे एक कारण आहे, आणि शरम हे दुसरे.

आता प्रश्न असा की, जो बोलतच नाही त्याचे दुःख समजावे कसे? त्यासाठी संशोधकांनी एक साधन वापरले, ते म्हणजे गटचर्चा. एकाच अनुभवातून गेलेल्या सहा-आठ व्यक्तींना एकत्र बसवायचे, एका जाणत्या संचालकाने मोजके प्रश्न विचारायचे आणि त्यांना आपापसांत बोलू द्यायचे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत या पद्धतीचा पाया घातला. आरंभी तिचा उपयोग नभोवाणीच्या कार्यक्रमांचा श्रोत्यांवरील परिणाम जाणण्यासाठी झाला. पुढे बाजारपेठेने ती उचलली आणि त्यानंतर आरोग्य-संशोधनाने. या पद्धतीचे मर्म साधे आहे. 'मला असे होते' हे एकाने सांगितले की दुसऱ्याच्या ओठांवरचे कुलूप निघते.

मात्र गटचर्चेने 'किती' हे कळत नाही. किती टक्के लोकांना अमुक रोग आहे, याचे उत्तर सर्वेक्षणाने आणि तपासणीनेच मिळते. गटचर्चेने 'का' आणि 'कसे' हे कळते. औषध मध्येच का सोडले, डॉक्टरांपासून कोणती गोष्ट लपविली, घरात प्रथम कोणाला सांगितले, या प्रश्नांची उत्तरे तपासणीच्या अहवालात सापडत नाहीत.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत जगाला एक मोठा धडा दिला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेमार्फत दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्याचा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते, सरासरीने प्रत्येकीला तीनहून अधिक. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के! तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच जग समजत होते. तिचे खरे दुखणे कोणी विचारलेच नव्हते. ते विचारता आले, कारण आधी गावाचा विश्वास मिळविला गेला आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टरांपाशी मोकळेपणे बोलता आले. पुढे आदिवासी बांधवांशी बोलून, त्यांना आपले वाटेल अशा घडणीचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. आधी ऐकणे आणि मग उपचार, हा क्रम तेथे सिद्ध झाला.

मग हेच आपण रावेरमध्ये, या सभागृहात का करू नये? बंधूंनो, येथेच खरी अडचण आहे. समजा, आपण जाहीर केले की, येत्या रविवारी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांची चर्चा या सभागृहात होईल. कोण येईल? पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येकाला बाजारपेठेतील दहा जण ओळखतात. सायंकाळपर्यंत ती वार्ता सावदा, फैजपूर ओलांडून भुसावळला पोहोचेल आणि पुढच्या महिन्यात त्या घरातील मुलीचे स्थळ परत जाईल. लहान गावाची आपुलकी हे आपले बळ आहे, परंतु आजाऱ्यासाठी तीच आपुलकी पहारा होऊन बसते.

ऑनलाइन गटचर्चेचे महत्त्व येथे आहे. रावेरची एक माता, शहाद्याचा एक बंधू, मलकापूरची एक पत्नी आणि बऱ्हाणपूरचे एक वृद्ध पिता परस्परांना ओळखत नाहीत, कधी भेटणारही नाहीत. ते ठरलेल्या वेळी टोपणनावाने, चेहरा न दाखवता, केवळ आवाजाने वा लेखनाने एकत्र येऊ शकतात. जे अंतर आजवर अडथळा होते, तेच येथे आडोसा होते. अशा चर्चेचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात सर्व जण एकाच वेळी बोलतात. दुसऱ्या प्रकारात संचालक प्रश्न लिहून ठेवतो आणि प्रत्येक जण दोन-चार दिवसांत आपल्या सवडीने उत्तर लिहितो, इतरांची उत्तरे वाचतो, पुन्हा भर घालतो. रात्री घर निजल्यावर लिहिणाऱ्या गृहिणीला हा दुसरा प्रकार सोयीचा ठरतो.

यातून खरोखर वैद्यकीय ज्ञान वाढते का? दोन उदाहरणे देतो. हृदयाच्या रोहिणीचा आतील पदर अकस्मात फाटून हृदयविकाराचा झटका येण्याचा एक दुर्मीळ विकार आहे. तो प्रामुख्याने तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांना होतो. एकेका डॉक्टरला आयुष्यात असे रुग्ण मोजकेच भेटत, त्यामुळे अभ्यास होणार कसा? या विकारातून वाचलेल्या स्त्रिया इंटरनेटवरील एका गटात एकमेकींना भेटल्या, त्यांनी आपले अनुभव जुळविले आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. शेरॉन हेज यांना 'आमच्यावर संशोधन करा' अशी विनंती केली. पहिला प्रायोगिक अभ्यास अवघ्या १२ रुग्णांचा होता. तो २०११ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातून पुढील मोठ्या अभ्यासाची वाट मोकळी झाली.

दुसरे उदाहरण आपण सर्वांनी भोगलेल्या करोनाचे आहे. २०२० साली 'बरे झालात' असे सांगून घरी पाठविलेले असंख्य रुग्ण महिनोन्महिने थकवा, धाप आणि विस्मरण यांनी त्रस्त होते. अनेकांना 'हा मनाचा खेळ आहे' असे ऐकावे लागले. इंटरनेटवर एकमेकांशी बोलताना त्यांना कळले की, आपण एकटे नाही. 'लाँग कोविड' हे नावही प्रथम रुग्णांनीच दिले. रुग्णांतीलच संशोधकांनी पुढाकार घेऊन ५६ देशांतील ३,७६२ जणांची माहिती संकलित केली आणि तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची अधिकृत व्याख्या केली. विखुरलेले रुग्ण एकत्र बोलू लागले, म्हणून शास्त्राला ऐकावे लागले.

आपल्या खानदेशाचेही या विषयाशी जवळचे नाते आहे. दिवंगत डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात ते प्राध्यापक होते. स्किझोफ्रेनियाने घराचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या घरात अनुभवले आणि ते लपविण्याऐवजी त्यांनी उघडपणे सांगितले. पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, जेथे रुग्णांचे कुटुंबीय एकत्र बसून मन मोकळे करू लागले. २००४ साली आलेल्या, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'देवराई' या चित्रपटामागेही त्यांचीच प्रेरणा होती. पुण्यात कुटुंबीयांनी एकत्र बसणे शक्य झाले, कारण मोठ्या शहरात माणूस गर्दीत मिसळून जातो. रावेर, चोपडा, शिरपूर येथील कुटुंबाला ती गर्दी नाही. त्याला तो आडोसा ऑनलाइन गटचर्चेने द्यावा लागेल.

येथपर्यंत ऐकून आपणास वाटेल की, मोबाइल हाती आला म्हणजे प्रश्न सुटला. तसे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के भारतीय स्त्रियांपाशीच स्वतः वापरण्याचा मोबाइल असल्याचे आढळले. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो पतीच्या खिशात आहे, त्या घरातील स्त्री ऑनलाइन चर्चेत मनातले कसे बोलणार? आपण केवळ मोबाइलवर विसंबलो, तर अंतराने दूर असलेले पुन्हा दूरच राहतील आणि आपल्याला मात्र सर्वांचे ऐकल्याचा भ्रम होईल.

सिकलसेल या आजाराचे उदाहरण घ्या. खानदेशातील भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, ज्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीनंतर हाती कार्ड येते. पण ते कार्ड विवाहाच्या वेळी दाखविले जाते की लपविले जाते, वाहक आणि रुग्ण यांतला फरक घरच्यांना समजला का, वेदना उसळल्यावर प्रथम कोणाकडे धाव घेतली जाते, हे कोण विचारणार? पाड्यावर नेटवर्क नसेल तेथे आशा सेविकेने झाडाखाली बैठक घ्यावी आणि ती त्यांच्याच बोलीत घ्यावी. मोबाइल पोहोचतो तेथे मोबाइल, न पोहोचतो तेथे माणूस. दोन्ही मिळूनच चित्र पूर्ण होते.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. तो तंत्राचा नाही, व्रताचा आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. यातील प्रत्येक शब्द आजच्या संशोधकाने आपल्या मेजावर लिहून ठेवावा असा आहे. रहोभ्याख्यान म्हणजे एकांतातील गोष्ट उघड करणे. गटचर्चेतील एखादे वाक्य बाहेर नेणे, पडद्याचे चित्र काढून नातलगाला पाठविणे, हे रहोभ्याख्यानच होय. साकारमंत्रभेद म्हणजे हावभावावरून दुसऱ्याचे गुपित ओळखून ते फोडणे. नाव न घेता 'रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याची सून' असे अहवालात लिहिणे यात मोडते, कारण गाव लगेच ओळखते. न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे. रुग्णाने संशोधनासाठी दिलेली माहिती औषध कंपनीला वा विमा कंपनीला देणे याला दुसरे नाव नाही. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा दस्तऐवज, मग तो संमतीच्या कागदावर समजावून न सांगता घेतलेला अंगठा का असेना. आणि मिथ्योपदेश म्हणजे चुकीचा सल्ला. गटातील कोणी 'गोळ्या बंद करा, अमुक काढा घ्या' असे सांगू लागला, तर संचालकाने त्याला नम्रपणे पण तत्काळ थांबविलेच पाहिजे.

आजचा कायदा आणि नियम याहून वेगळे काही सांगत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा संशोधनास नैतिकता समितीची परवानगी आणि सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. एचआयव्ही-एड्स कायद्यानेही त्याच वर्षी तसेच संरक्षण दिले. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या गटात साधारणतः सदस्यांचे मोबाइल क्रमांक एकमेकांना दिसतात. म्हणून 'चला, एक गट बनवू या' एवढ्या सहजतेने हे काम करू नये.

आपल्या आगमांत आलोचनेची परंपरा आहे. साधक आपला दोष गुरूपाशी सांगतो. तो ऐकणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत, हे स्थानांगसूत्रात सांगितले आहे. त्यात 'अपव्रीडक', म्हणजे सांगणाऱ्याचा संकोच दूर करणारा, आणि 'अपरिस्रावी', म्हणजे ऐकलेले न पाझरू देणारा, हे दोन गुण आहेत. उत्तम चर्चा-संचालकाची याहून नेमकी व्याख्या मला आधुनिक ग्रंथांत आढळलेली नाही. अर्थात आजार हा दोष नव्हे आणि रुग्ण हा अपराधी नव्हे. साम्य आहे ते ऐकणाऱ्याच्या उत्तरदायित्वात.

निष्कर्ष मांडताना अनेकांतदृष्टी हवी. स्याद्वादातील 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा त्याचा अर्थ आहे, हे आपण जाणता. सात मातांच्या चर्चेतून निघालेला निष्कर्ष त्या सात मातांच्या अपेक्षेने सत्य आहे. त्यावरून 'खानदेशातील सर्व माता असेच मानतात' असे म्हणणे हा एकांतवाद होय.

काही ज्येष्ठ म्हणतील, 'घरातली गोष्ट घरातच बरी.' या भावनेचा मी आदर करतो. कुटुंबाची प्रतिष्ठा जपावी, यात गैर काही नाही. परंतु विचार करा, लपविल्याने आजार थांबतो का? उपचाराविना गेलेली दोन-चार वर्षे रुग्णाची उमेद संपवितात आणि त्याची सेवा करणारी माउली आतून खचत जाते. तिचे दुःख मोजणारे कोणतेच शिबिर नाही. वैयावृत्त्य हे आपण अभ्यंतर तप मानतो. ग्लानाची, म्हणजे रुग्णाची सेवा त्यात सांगितली आहे. वर्षानुवर्षे अशा रुग्णाची सेवा करणारी स्त्री हे तपच आचरत असते. त्या तपाची अनुमोदना करायची, तर आधी तिचे ऐकावे लागेल.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे एक विनम्र प्रस्ताव ठेवतो. मानसिक आजाराच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी एक ऑनलाइन गटचर्चा आपण सुरू करावी. संशोधन ट्रस्टने स्वतः करू नये. जळगाव वा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांना आणि विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाला आपण निमंत्रण द्यावे, नैतिकता समितीची परवानगी त्यांनी घ्यावी. गट सहा जणांचा असावा, एका गावाचे दोन जण त्यात नसावेत आणि तो केवळ जैन समाजापुरता नसावा. सहभागींची नावे विश्वस्तांनाही कळू नयेत! दान देणाऱ्याला याचक दिसू नये, हा गुप्तदानाचा संस्कार आपल्याला नवा नाही. ज्या स्त्रीपाशी मोबाइल नाही, तिच्यासाठी ट्रस्टच्या कार्यालयात एक बंद खोली आणि एक संगणक असावा. तेथे येण्याचे बाह्य कारण पाठशाळा वा वाचनालय असू शकेल. चर्चेत कोणाच्या मनात जीव देण्याचा विचार डोकावला, तर तत्काळ साहाय्य देणारा डॉक्टर ठरलेला असावा. शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे, तो क्रमांक प्रत्येकाला आधीच दिलेला असावा. आणि वर्षअखेरीस निष्कर्ष प्रथम त्या सहा जणांना सांगावेत. त्यांनी मान्यता दिल्यावरच ते डॉक्टरांकडे, शासनाकडे आणि आपल्याकडे यावेत.

या कामाला मोठी इमारत लागत नाही, कोनशिला बसत नाही, फलकावर दात्याचे नाव येत नाही. छायाचित्रही काढता येणार नाही. लागेल तो संयम, वाणीचा आणि कुतूहलाचा. भाषासमिती आणि वचनगुप्ती यांचा अभ्यास असलेल्या समाजाला तो जमला नाही, तर अन्य कोणाला जमेल?

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे दारात आलेल्याला विन्मुख पाठविले नाही. पुढील पन्नास वर्षांत जो दारापर्यंत येऊच शकत नाही, त्याचेही ऐकले जावे, अशी मंगल भावना व्यक्त करतो.